बडोदे ते मुरुड : शिल्पकार सदानंद बाकरे

सदानंद बाकरे (१० नोव्हेंबर १९२० – १८ डिसेंबर २००७) हे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एक आणि त्या सहांतले एकमेव शिल्पकार. जन्म बडोद्याचा, कलाशिक्षण मुंबईत, उमेदीची चोवीस वर्षे लंडनला आणि आयुष्याची अखेरची बत्तीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, मुरुड गावी. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा आणि मकबूल फिदा हुसेन ही त्या गटातली तीन नावे चित्रकलेशी संबंध नसलेल्या वाचकालाही ठाऊक असतात. कृष्णाजी हौळाजी आरा आणि हरी अंबादास गाडे जाणकारांना आठवतात. बाकऱ्यांचे नाव मात्र बहुतेक वेळा यादी पुरी करण्यापुरते येते. याला त्यांचा एकांतप्रिय स्वभाव कारण, असे सहसा सांगितले जाते. स्वभावाचा वाटा असेलही. पण विसाव्या शतकात मुंबईत शिल्पकाराचा संसार कशावर चालत असे हे पाहिले, की कारणाचा मोठा भाग तिथेच सापडतो.

बाकऱ्यांच्या जन्माच्या वेळी बडोद्यावर सयाजीराव गायकवाडांचे राज्य होते. १८९० मध्ये निघालेले कलाभवन तिथे होते आणि लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी इटलीहून आलेल्या फेलिची या शिल्पकाराने केलेल्या मूर्तीही. बाकऱ्यांची जडणघडण मात्र मुंबईत झाली. १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिल्पकलेचा अभ्यासक्रम पुरा केला.

जे. जे. ची स्थापना १८५७ ची. रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये तिथे शिल्पकाम शिकवायला आले. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत मराठी शिल्पकारांची एक सलग परंपरा तयार झाली. गणपतराव म्हात्र्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऐन तारुण्यात ‘मंदिरपथगामिनी’ घडवली आणि ते एकदम नावारूपाला आले. रघुनाथराव फडक्यांनी केलेला लोकमान्य टिळकांचा पुतळा गिरगाव चौपाटीवर उभा राहिला. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये शिर्डीला बसली; आज देशभरातल्या देव्हाऱ्यांत साईबाबांची जी बैठक दिसते तिचे मूळ हेच. या सगळ्यांचे कसब एकाच गोष्टीवर तोललेले होते : हुबेहूब माणूस उभा करणे. बाकरे याच शिस्तीत तयार झाले आणि व्यक्तिशिल्पावर त्यांचा हात बसला.

हे काम किती वेळखाऊ आणि खर्चिक असते ते प्रत्यक्ष कृतीवरूनच कळते. आधी लोखंडी सळईचा सांगाडा लाकडी पाटावर घट्ट बसवायचा. त्यावर ओल्या मातीचे गोळे थापत कवटीचा आकार आणायचा, मग जबडा, गालाची हाडे, डोळ्यांच्या खोबण्या. ज्याचे शिल्प करायचे तो माणूस समोर बसतो तो तासभर. एरवी माती सुकू नये म्हणून तिच्यावर ओले फडके गुंडाळून ठेवायचे. मनासारखे झाले की साचा. डोक्यावरून कानांमागे पत्र्याचे तुकडे उभे खोचून मस्तकाचे दोन भाग पाडतात आणि प्लास्टरचा पहिला पातळ थर देतात. त्या थरात थोडी नीळ कालवलेली असते. वरून पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर. साचा उघडून आतली माती उकरून काढली, की ते मातीचे मस्तक संपले. पुन्हा मिळत नाही. मोकळ्या साच्याला आतून साबणाचे पाणी लावायचे, दोन्ही भाग बांधायचे आणि प्लास्टर ओतायचे. ते घट्ट झाल्यावर वरचा साचा छिन्नीने टवके उडवत फोडत जायचा. पांढऱ्याखाली निळे दिसू लागले की हात हलका करायचा, कारण निळ्याच्या लगेच खाली नाक किंवा भुवई असते. एवढे करून हाती येते ते प्लास्टर. ब्राँझ हवे तर ओतशाळा, धातू आणि ओतारी यांचा खर्च वेगळा.

चित्रकार हाताला येईल त्या कागदावर काम करू शकतो आणि पन्नास चित्रे गुंडाळून बोटीत चढू शकतो. शिल्पकाराला आधी जागा लागते, मग साहित्य, आणि त्याही आधी बहुतेक वेळा गिऱ्हाईक लागते. हे गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक, नगरपालिका, बँक, शाळा, स्मारक समिती किंवा दिवंगत वडिलांचा अर्धपुतळा हवा असलेला सधन मुलगा. यांतल्या कोणालाच प्रयोग नको असतो. वडील वडिलांसारखे दिसले पाहिजेत.

१९४७ मध्ये मुंबईत जमलेल्या तरुणांना नेमका याच सारखेपणाचा कंटाळा आला होता. सूझा, रझा आणि आरा यांनी पुढाकार घेतला आणि तिघांनी आणखी एकेकाला आणले, असे या गटाच्या जन्माबद्दल सांगतात. सूझांनी हुसेनना, रझांनी गाड्यांना आणि आरांनी बाकऱ्यांना. साळगावचा, जे. जे. मधून काढून टाकलेला सूझा. पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवलेला हुसेन. मध्य प्रांतातल्या जंगलमुलखातला रझा. गाड्या धुऊन पोट भरलेला आरा. तळेगाव दशासरचा, विज्ञानाचा मास्तर असलेला गाडे. या मंडळींत जे. जे. च्या शिल्पकलेच्या शिस्तीत मुरलेला आणि हुबेहूब काम करून पोट भरू शकेल असा माणूस बाकरेच. म्हणूनच त्यांनी या बंडात उतरणे अधिक लक्षणीय ठरते. ज्या कौशल्यावर त्यांची कमाई अवलंबून होती, त्याच कौशल्याला त्यांचे मित्र जुनाट ठरवत होते.

गटाला पाठबळ मिळाले ते हिटलरच्या युरोपातून मुंबईला आलेल्या तिघांचे. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि औषधांच्या व्यवसायातले संग्राहक एमॅन्युएल श्लेसिंगर. त्यांच्या घरी युरोपातल्या आधुनिक चित्रांच्या प्रतिकृती पाहायला मिळत, वाद झडत, आणि श्लेसिंगर चित्रे विकतही घेत. ७ जुलै १९४९ रोजी रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात सहा जणांचे प्रदर्शन भरले. उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. सुरुवातीला सूझांच्या डाव्या विचारांच्या प्रभावाखाली गटाने कला जनतेपर्यंत नेण्याची भाषा केली होती. प्रदर्शन भरेपर्यंत ती गळून पडली होती आणि आशय व तंत्र यांचे संपूर्ण स्वातंत्र्य एवढीच मागणी उरली होती.

स्वातंत्र्य मिळाले, पण ते वापरायला शहरात जागा नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली ती १९५२ मध्ये. केमोल्ड आणि पंडोल या खासगी गॅलऱ्या १९६३ च्या. त्याआधी कलाकृती विकायची म्हणजे बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन किंवा ओळखीपाळखी. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला आणि १९५१ मध्ये बाकरे लंडनला. गट कागदोपत्री १९५६ पर्यंत टिकला. गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत अशी नावे त्याला मागाहून जोडली गेली. पण संस्थापकांपैकी निम्मे पहिल्या प्रदर्शनानंतर दोन वर्षांत देशाबाहेर होते.

लंडन तेव्हा युद्धातून नुकते सावरत होते. शिल्पकलेच्या दृष्टीने मात्र ते जगातल्या महत्त्वाच्या शहरांपैकी एक होते. हेन्री मूर कीर्तीच्या शिखरावर होता, वयोवृद्ध जेकब एपस्टाइन अजून काम करत होता, आणि १९५२ च्या व्हेनिस बिएनालेत लिन चॅडविक, रेग बटलर, केनेथ आर्मिटेज आदी तरुण ब्रिटिश शिल्पकारांनी काटेरी, हाडकुळी, लोखंडी शिल्पे मांडून खळबळ उडवली. समीक्षक हर्बर्ट रीडने त्यांच्या कामाला ‘भीतीची भूमिती’ म्हटले आणि ते नाव चिकटले. मुंबईतून गेलेल्या शिल्पकाराला पाहण्यासारखे, शिकण्यासारखे भरपूर होते. पण जम बसवायला ओळख, स्टुडिओ आणि भांडवल लागते, आणि शिल्पकाराला ते चित्रकारापेक्षा जास्त लागते.

लंडनमध्ये बाकरे हळूहळू चित्रकलेकडे वळले. धातूतली शिल्पे ते करत होतेच, पण कॅनव्हासचे प्रमाण वाढत गेले. या वळणाचा अर्थ वेगवेगळ्या प्रकारे लावता येतो. सर्वांत साधा अर्थ असा, की भाड्याच्या खोलीत चित्र मावते. त्यांच्या १९६० च्या आसपासच्या चित्रांत शिल्पकाराचा हात लपत नाही. शहरांची आणि भूदृश्यांची ही चित्रे अणकुचीदार, पाचरीसारख्या आकारांनी भरलेली असतात. घरे, झाडे, आकाश यांचे तुकडे एकमेकांत खोचलेले, जाड गडद रेषांनी बांधलेले, आत भडक रंग. चर्चच्या रंगीत काचांच्या खिडकीची आठवण व्हावी अशी ही मांडणी. सूझांच्या त्या काळातल्या भूदृश्यांशी त्यांचे नाते उघड दिसते, पण सूझांची रेषा चिडून ओरखडते, बाकऱ्यांची रेषा भार पेलते. आकार एकमेकांना टेकून उभे असतात आणि एक काढला तर दुसरा पडेल असे वाटते. रंगवलेले असले तरी हे रचनाशास्त्र शिल्पाचे आहे.

लंडनच्या काही गॅलऱ्यांत त्यांची प्रदर्शने झाली. सूझांना १९५५ मध्ये व्हिक्टर मसग्रेव्हच्या गॅलरी वनमधील प्रदर्शनाने आणि त्याच वर्षी छापून आलेल्या आत्मकथनपर लेखनाने जी प्रसिद्धी दिली, तशी बाकऱ्यांच्या वाट्याला आली नाही. सूझांना बोलता येत होते, लिहिता येत होते आणि भांडता येत होते. कलाव्यवहारात या तिन्हींची किंमत असते. १९६० च्या दशकात वारे बदलले. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातून ब्रिटनमध्ये येणाऱ्यांवर निर्बंध आले, आणि पन्नासच्या दशकात तिथल्या गॅलऱ्यांना परदेशी कलावंतांबद्दल वाटणारे कुतूहलही ओसरले. सूझा १९६७ मध्ये न्यूयॉर्कला निघून गेले. बाकरे आणखी आठ वर्षे थांबले आणि १९७५ मध्ये भारतात परतले. परतले ते मुंबईत नाही, मुरुडला.

हे मुरुड दापोलीजवळचे. जंजिऱ्याच्या मुरुडशी त्याची गल्लत नेहमी होते, म्हणून लोक मुरुड-हर्णै असे जोडनाव घेतात. लगतचे हर्णै हे जुने बंदर. समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे छोटे किल्ले, आणि बंदरावर रोज मासळीचा लिलाव. मुरुड त्यापेक्षा शांत : मधून जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांपलीकडे वाळूचा लांब किनारा. गावातले दुर्गादेवीचे देऊळ लाकडी खांबांवरच्या कोरीव कामासाठी ओळखले जाते.

गावाची कीर्ती बाहेर गेलेल्या माणसांमुळे. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे. शाळकरी कर्वे सहावीची परीक्षा द्यायला सोबत्यांबरोबर घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. १८८६ मध्ये त्यांनी गावच्या कामांसाठी मुरुड फंड काढला, आणि १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यावर याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कोकणातला माणूस पोटासाठी मुंबईला जातो आणि तिथून मनिऑर्डर पाठवतो, हा दीडशे वर्षांचा रिवाज. लंडनहून थेट या किनाऱ्यावर येऊन राहणारा कलावंत त्या रिवाजाच्या उलट दिशेने आला होता.

आणि तो कलाव्यवहाराच्या दृष्टीने अगदी चुकीच्या वेळी आला होता. १९७५ मध्ये मुंबईत गॅलऱ्या होत्या, समीक्षक होते, संग्राहक वाढत होते. बाकरे गेले तेव्हा यांतले फारसे काही नव्हते. परतले तेव्हा हे सगळे दुसऱ्यांभोवती रचले गेले होते. आधुनिक शिल्पकलेची जागाही रिकामी राहिली नव्हती. आदी दावियरवाला आणि पिलू पोचखानावाला यांनी मधल्या काळात लाकूड, धातू आणि भंगारातून अमूर्त शिल्पे उभी केली होती. दावियरवाला पेशाने औषधनिर्माणशास्त्रज्ञ होते. म्हणजे पोटाची सोय शिल्पाबाहेर होती. मुरुडहून मुंबईच्या कलाजगतात वावरायचे तर दापोली, खेड आणि मग महामार्ग अशी दिवसभराची रखडपट्टी. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. बाकऱ्यांनी तो खटाटोप फारसा केला नाही. प्रदर्शनांतून नाव दिसेनासे झाले आणि बऱ्याच जणांना ते हयात असल्याचाही विसर पडला.

कोकणातच याहून वेगळे उदाहरण आहे. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवन्याचे. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्डच्या नजरेस पडले आणि त्याच्या मदतीने ते जे. जे. मध्ये पोचले. पुढे कलकत्त्याला स्टुडिओ, लंडनला शिक्षण, आणि १९२८ मध्ये पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, जो ब्राँझमध्ये एकसंध ओतला गेला. पुतळ्यांच्या कामांनी त्यांना स्थैर्य दिले. त्या स्थैर्याच्या बळावर त्यांनी सासवन्याच्या घरी स्वतःच्या हौसेची शिल्पे केली : कोळीण, गावातली माणसे, अंगणात बसलेली म्हैस. बरीचशी सिमेंटमध्ये, कारण सिमेंट स्वस्त आणि उन्हापावसात टिकणारे. ते घर आज संग्रहालय आहे.

सिमेंटचा विषय निघाला की रामकिंकर बैज यांचे नाव येतेच. शांतिनिकेतनात १९३८ मध्ये त्यांनी ‘संथाळ कुटुंब’ केले ते सिमेंट आणि जांभ्याची खडी कालवून. जांभा रत्नागिरी जिल्ह्यात पायाखाली आहे. घरे, गडगे, विहिरी सगळे त्याचेच. पण रामकिंकरांच्या मागे शांतिनिकेतनची नोकरी, आवार आणि विद्यार्थी होते. करमरकरांना पुतळ्यांची कामे, रामकिंकरांना संस्था, दावियरवालांना दुसरा पेशा. बाकऱ्यांनी पुतळ्यांची वाट तरुणपणीच सोडली होती, संस्था त्यांनी कधी धरली नाही. शिल्पकाराने यातले काहीच नसताना इतकी वर्षे तग धरला, हीच खरे तर नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे; त्याला नुसते विक्षिप्तपणाचे लेबल लावणे म्हणजे हिशेब अर्धवट टाकणे.

गटाच्या स्थापनेला पन्नास वर्षे होत आली तेव्हा बाकऱ्यांची पुन्हा आठवण झाली. १९९६ मध्ये मुंबईत सर कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले आणि त्याचे पहिले प्रदर्शन प्रोग्रेसिव्ह गट आणि त्याच्या सहकाऱ्यांवरच होते. २००१ मध्ये यशोधरा दालमिया यांचे या गटावरचे पुस्तक आले. त्यात बाकऱ्यांना इतर पाच जणांच्या बरोबरीने स्थान मिळाले, आणि त्यांच्या कामाचा सलग विचार त्या निमित्ताने वाचकांसमोर आला. २००४ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना जीवनगौरव दिला. पंचावन्न वर्षांपूर्वी ज्या सोसायटीच्या दालनात पहिले प्रदर्शन भरले होते, तीच ही संस्था. तिच्या अभिरुचीविरुद्धच हा गट उभा राहिला होता, हेही खरे.

याच सुमारास चित्रांच्या बाजाराला उधाण आले. २००५ मध्ये चित्रकार तय्यब मेहतांचे ‘महिषासुर’ न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. २०१० मध्ये रझांच्या ‘सौराष्ट्र’ला सोळा कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. आरा १९८५ मध्ये, गाडे २००१ मध्ये आणि सूझा २००२ मध्ये गेले होते. १८ डिसेंबर २००७ रोजी मुरुडला बाकऱ्यांचे निधन झाले तेव्हा सहांपैकी फक्त हुसेन आणि रझा उरले होते.

त्यानंतर बाकऱ्यांची लंडन काळातली चित्रे लिलावांत दिसू लागली. शिल्पे त्यामानाने क्वचित. पुतळा हलवायला जड, प्लास्टर ठिसूळ, आणि ब्राँझमध्ये ओतायला पैसे मिळाले असतील तरच शिल्प टिकते. त्यामुळे गटातल्या एकमेव शिल्पकाराची ओळख आज बाजारात मुख्यतः चित्रकार म्हणून आहे. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीने प्रोग्रेसिव्ह गटावर मोठे प्रदर्शन भरवले, त्यात बाकऱ्यांच्या कलाकृती होत्या. बाकरे जिथे अखेरपर्यंत राहिले त्या रत्नागिरी जिल्ह्यात आता चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याला सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय आहे. शिल्पकलेचे पहिले धडे घेण्यासाठी इथल्या मुलाला मुंबई गाठावीच लागते असे राहिलेले नाही. पुढच्या कामांसाठी, ओतशाळेसाठी आणि गिऱ्हाइकासाठी मात्र अजूनही मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागते.